पेटीवरचा ‘संत्रा’ ‘सत्रा’ का होतो?

मा. संपादक,
स. न.

वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्र्यापासून वायगावच्या हळदीपर्यंत आपल्याकडचा माल आता नावानिशी, छापील पेटीत बाहेर जाऊ लागला आहे. शेतकरी कंपन्या आणि बचत गट पेट्यांची दरपत्रके मागवतात, तेव्हा त्यांत छपाईबद्दल बहुधा एकच शब्द असतो : ‘छपाईसह’. तीन दरपत्रके येतात, कमी दराचे मंजूर होते आणि पेट्या हातात पडल्यावर दिसते की अनुस्वार शिरोरेघेत बुजून ‘संत्रा’चा ‘सत्रा’ झाला आहे, केशरी रंग विटकरी आला आहे आणि शेतकऱ्याचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग. बोल छापणाऱ्याला लागतो. कधी चूक त्याची असतेही. पण अशा बऱ्याच पेट्या मशीनवर चढण्याआधी डीटीपीच्या (संगणकावरच्या जुळणीच्या) टेबलावरच बिघडलेल्या असतात. फ्लेक्स बोर्डासाठी केलेली फाइल पेटीला चालत नाही.

‘छपाईसह’ या एका शब्दात तीन वेगळी कामे लपतात. फ्लेक्सोत तयार पुठ्ठ्यावर रबराच्या किंवा फोटोपॉलिमरच्या स्टिरिओने, म्हणजे उठावाच्या ठशाच्या प्लेटने, थेट पाण्याच्या शाईचा ठसा उमटतो. ऑफसेटमध्ये २५०-३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) डुप्लेक्स कागदावर आधी छापून तो कागद दोन प्लायच्या, म्हणजे दोन थरांच्या, पुठ्ठ्यावर चिकटवतात. पाचशेच्या आतली ऑर्डर असेल तर स्क्रीन प्रिंटिंग परवडते, कारण स्टिरिओचा खर्च वाचतो. फोटो हवा असेल तर ऑफसेटच घ्यावे. तिथे इंचाला १५० ते १७५ ओळींची ठिपक्यांची जाळी (फोटो अशाच ठिपक्यांतून छापतात) चालते; पुठ्ठ्यावरच्या फ्लेक्सोला ४५ ते ६५ च्या वर जाणे कठीण. एवढ्या जाड जाळीत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही आणि फिकट होत जाणाऱ्या रंगाच्या शेडला मध्येच पायरी पडते. ऑफसेटची पेटी दिसते देखणी, पण खळ जास्त लागली किंवा नीट सुकली नाही की पुठ्ठा वाकतो आणि डाय कटिंगला (साच्याने पेटी कापताना) छपाई सरकलेली दिसते.

संत्र्याच्या वाहतुकीच्या पेट्यांना बहुतांशी फ्लेक्सोच वापरतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर.

आर्टवर्क सुरू करण्याआधी पेटीवाल्याकडून डाय-लाइन, म्हणजे उलगडलेल्या पेटीचा कापण्या-दुमडण्याच्या रेघांसह नकाशा, घ्यावी. नुसते लांबी-रुंदी-उंचीचे आकडे पुरत नाहीत. ते बहुधा आतल्या मापाचे असतात, आणि पाच प्लायला पुठ्ठ्याच्या जाडीमुळे क्रीज ते क्रीज (दुमड ते दुमड) माप वेगळे निघते. हवेची छिद्रे कुठे येणार तेही डाय-लाइनवरच कळते. नाहीतर फोन नंबरचे दोन आकडे छिद्रात जातात. क्रीज आणि स्लॉटपासून (कापलेल्या खाचेपासून) १० मिमी आत राहावे. जोडाची ३५-४० मिमीची पट्टी कोरी सोडावी, कारण छापलेल्या जागी गोंद धरत नाही.

आता अक्षरे. देवनागरीला वरून शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. इंग्रजी अक्षराला चालणारा पॉइंट इथे चालत नाही. पुठ्ठ्यावर दाब पडला की शाई चहूकडे पसरते. कोणतीही रेघ अर्ध्या मिमीपेक्षा बारीक नको. गडद पट्टीत कोरी अक्षरे काढायची तर पाऊण ते एक मिमी धरावे, नाहीतर ‘ध’, ‘भ’ची पोटे भरून जातात. अनुस्वाराचा ठिपका निदान एक मिमीचा हवा आणि शिरोरेघेपासून तेवढाच सुटा. ‘त्र’ आणि ‘क्ष’ फॉन्टमध्ये घट्ट असतील तर फॉन्ट बदलावा.

दुसरा घोळ फॉन्टचा. एका संगणकावर श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली कोरल ड्रॉची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी उडते. म्हणून फाइल देताना सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृतीत, बदलावा. दुरुस्तीसाठी मूळ प्रत वेगळी ठेवावी. मुद्रितशोधन कर्व्ह केल्यानंतरच्या कागदी प्रिंटवर करावे, मोबाइलच्या पडद्यावर नको. स्टिरिओ एकदा बनला की ऱ्हस्व-दीर्घाची चूकही पुन्हा पैसे मागते.

रंगाचेही तसेच. फ्लेक्सोची शाई बरीच पारदर्शक असते, त्यामुळे खालच्या क्राफ्ट कागदाचा तपकिरी रंग तिच्यात मिसळतो. पिवळा मळतो, केशरी विटकरी होतो, पोपटी शेवाळी. काळा, गडद निळा, गडद हिरवा, लाल हे तपकिरीवर उठतात. संत्र्याचा केशरी हवाच असेल तर वरचा कागद पांढरा घ्यावा आणि त्याच कागदाच्या तुकड्यावर शाई ओढून नमुना पास करावा. दोन रंगांचे काम असेल तर फाइलमध्ये दोनच स्पॉट रंग (प्रत्येकाची शाई तयार, वेगळी) ठेवावेत. काळी अक्षरे चार रंग मिसळून केली की चार स्टिरिओ लागतात. वर, जुन्या मशीनवर रंग दीड-दोन मिमी इकडेतिकडे होतोच, म्हणजे प्रत्येक अक्षराला रंगीत सावली. दोन रंग भिडतात तिथे अर्धा ते एक मिमी एकावर एक चढवावे.

गोल चिन्ह अंड्यासारखे उभट आले, ही तक्रारही नेहमीची. स्टिरिओ सपाट बनतो आणि गोल सिलिंडरवर चढवताना ताणला जातो. छपाईचा परीघ १००० मिमी आणि प्लेट ४ मिमीची असेल तर हा ताण जवळपास अडीच टक्के होतो, म्हणजे २०० मिमीचे वर्तुळ एका दिशेने सुमारे ५ मिमी लांब. स्टिरिओ करणाऱ्याला मशीनचे माप सांगितले तर तो फाइल त्या एकाच दिशेत आधीच आखडून घेतो. माप सांगायचे राहते, म्हणून अंडे होते. बारकोडच्या पट्ट्याही याच कारणाने सिलिंडरच्या फिरण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे साधारणतः पेटी उभी असताना उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या तर शाई पसरून जाड होतात आणि स्कॅनर वाचत नाही. बाहेरच्या पेटीवरचा १४ अंकी बारकोड पूर्ण मापात सुमारे १४३ मिमी रुंद असतो, त्याला तेवढी जागा द्यावी. लाल पट्ट्या मात्र कधीही नकोत. स्कॅनरच्या लाल उजेडात त्या दिसतच नाहीत.

सगळ्यांत महाग पडणारी चूक दिसायला सर्वांत आकर्षक असते : चारही बाजू गडद रंगाने भरलेली पेटी. फ्लूटच्या, म्हणजे पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराच्या, माथ्यावर शाई दाट आणि खळग्यात पातळ बसते, त्यामुळे भरीव रंगात उभे पट्टे उमटतात. ते घालवायला ऑपरेटर दाब वाढवतो. पट्टे जातात, पण फ्लूट चेपतो, आणि थप्पीतली खालची पेटी वाटेतच बसते. छापण्याआधी आणि छापल्यावर पुठ्ठ्याची जाडी मोजून पाहावी. पेटी माल सांभाळण्यासाठी असते. जाहिरातीला नाव आणि एक ठळक चिन्ह पुरे.

उन्हाळ्यात आपल्याकडे टिनाच्या शेडमध्ये आणखी एक भानगड होते. शाई पातळ ठेवणारे अमाइन हे रसायन उडून जाते, पीएच साडेआठच्या खाली येतो, शाई घट्ट होऊन स्टिरिओवरच सुकते आणि अक्षरे भरतात. तिथे नुसते पाणी ओतले तर रंग फिका पडतो. अमाइन घालून पीएच साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान आणावा आणि मापाच्या कपाने शाईचा दाटपणा पुन्हा तपासावा.

ग्राहकाला थेट विकायच्या पेटीवर कायद्याने लागणारा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मराठी त्याच्या जोडीला देता येते. वजनाचे आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत (1, 2, 3) लागतात, नुसते ‘१० किलो’ पुरत नाही. महिना, बॅच, किंमत स्टिरिओत घालू नये. शिक्क्यासाठी कोरी चौकट सोडावी. ‘जीआय’चे (भौगोलिक मानांकनाचे) चिन्हही नोंदणीकृत वापरकर्त्यालाच छापता येते, हे किती गटांना सांगितले जाते कोण जाणे.

कृषी विभाग आणि बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ अभियानाच्या प्रशिक्षणांत पॅकेजिंगवर तास असतील, तर त्यात आर्टवर्कलाही जागा मिळावी. दरपत्रकाच्या नमुन्यात ‘छपाईसह’ऐवजी हे रकाने यावेत : छपाईची पद्धत, रंग किती, प्लाय आणि फ्लूट, प्रत्येक थराचा जीएसएम आणि बीएफ (कागद फाटण्याला किती टिकतो त्याचे माप), वरचा कागद तपकिरी की पांढरा, स्टिरिओचा खर्च वेगळा की दरात धरलेला, आणि काम झाल्यावर स्टिरिओ कोणाकडे राहणार. शेवटचा रकाना गटांनी सोडू नये. पैसे भरूनही स्टिरिओ पेटीवाल्याकडेच राहिला, तर पुढच्या हंगामात दुसरीकडे जाताना तो नव्याने करावा लागतो. आंबिया बहाराच्या पेट्यांचे आर्टवर्क ऑगस्टमध्येच पास झालेले असावे; ऑक्टोबरात तोडा सुरू झाल्यावर नमुना पाहायला कोणालाच सवड नसते.

– पेटी छपाई व आर्टवर्कच्या कामातील काही वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती