आई, सही तुझीच लागेल

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा लगेच "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. कोविडच्या लशीनंतर आईला जीबीएस, म्हणजे हातापायातली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार झाला, त्याच्या भरपाईसाठी रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावायचं दादाचं नि माझं ठरलंय, कागद वकिलांकडे दिलेत पण.

आई, तुझ्या मनात काय येणार माहितीये. अंगणवाडीची बाई, अख्ख्या वाडीला समजावून लशीला नेलंस, आता तूच कोर्टात गेलीस तर लोक काय म्हणतील. अगं, ही केस लशीच्या विरुद्ध नाहीच! लशीनं कितीतरी माणसं वाचली, हे मी कुणाहीसमोर म्हणेन. पण तू घेतलीस त्या बनावटीच्या लशीनंतर फार क्वचित जीबीएस होऊ शकतो असं युरोपच्या औषध नियामकानं 2021 मध्येच माहितीपत्रकात घातलं, मग तो क्वचितचा भोग ज्याच्या वाट्याला आला त्यानं एकट्यानं बाबांच्या फंडातून सगळी बिलं का भरायची? ब्रिटनमध्ये लशीनं गंभीर इजा झालेल्यांसाठी 1979 पासून सोय आहे, चूक कुणाची ते सिद्ध न करता एकरकमी पैसे देतात. आपल्या केंद्र सरकारनं 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की लस ऐच्छिक होती, भरपाई हवी तर सिव्हिल कोर्टात जा. म्हणून जातोय.

सिस्टर आणि आशाताईंचं नाव दाव्यात नाही, ही माझी पहिली अट होती. त्यांनी तेव्हा एईएफआयचा, म्हणजे लशीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदीचा फॉर्म भरून पाठवला म्हणून तर आज हातात कागद आहे. वकिलाची फी पण नाही, बायकांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सोपं नाहीये, जुलाब-तापानंतरही जीबीएस होतो म्हणून आधी काही झालेलं का ते खोदून विचारतील, आठवेल ते खरं सांग. हरलो तरी चालेल मला.

मला गोवर आलेला तेव्हा रात्रभर कडुलिंबाची डहाळी फिरवत बसली होतीस ना गं, आता तुला भिंत धरून पडवीत येताना बघवत नाही. न्हाणीत धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नको. फिजिओ बुडवायचा नाही. न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तू कुठलीच लस घ्यायची नाहीस, बाबांनी मात्र फ्लूची घ्यायचीच.

बाबा, डिस्चार्ज कार्ड, आयव्हीआयजीची (जीबीएसवर शिरेतून दिलेल्या त्या औषधाची) बिलं, लशीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ट्रंकेत नको, ओल येते. शनिवारी दादा वकीलपत्र घेऊन येतोय. आई, सही करायची नसेल तर त्याच्यावर चिडू नको, मला फोन कर, मी येते.

तुमची,
बाय