रविवारी मुलांना घेऊन तळ्यावर येणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो, रविवारी पहाटे मासे पकडायला होड्या निघतील, त्याआधी एवढं वाचून घ्या.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचंच हवं. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून चालवून घेऊ नका. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. घालून झालं की खांद्यापाशी धरून वर उचलून बघा. हनुवटी, कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. जॅकेट काठावरच चढवायचं आणि परत काठावर येईपर्यंत काढायचं नाही. मोठ्यांनीही!

होडीत कुणी उभं राहायचं नाही. मासा लागला की मुलं हमखास उठतात आणि सगळी एकाच बाजूला धावतात, तेव्हा हे आधीच बजावून ठेवा. गळ एका वेळी एकानेच फेकायचा, तोही मागे बघून.

गळ लहान घ्या, ८ किंवा १० नंबरचा (आकडा वाढतो तसा गळ बारीक होतो). त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडवणं सोपं जातं, आणि गळ बोटात रुतला तरी चटकन निघतो. आमिषाला गांडुळाचा तुकडा पुरे.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो.

तास-दीड तासात परत फिरा. मुलं कंटाळली तर त्याआधीच. आणि वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला, की मासा गळाला असला तरी तडक काठ गाठा.