नाना, तुम्ही आधी गोधडी मागवलीत

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तीन खेपा झाल्या, तीनही वेळा तुम्ही पैसे घेतले नाहीत, उलट चहा मलाच पाजलात. तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही मान खाली घालून स्क्रू पिळत बसता. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. अमळनेरच्या आमच्या बचत गटातल्या, पारोळ्याच्या, चोपड्याच्या बायका मला विचारतात, "ताई, शिवणाचं मशीन कोणतं घेतलं?" मी नाव सांगते, पण नुसत्या नावावर त्यांचं भागत नाही. तुम्ही मला जे विचारलंत, ते त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं.

मी तुमच्याकडे सल्ला घ्यायला आलेच नव्हते. आईचं जुनं काळं पायमशीन विकायचं होतं, आणि धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत शिलाई मशिनं दुरुस्त करणारे एक नाना बसतात, ते वाजवी भाव देतात, एवढंच ऐकलं होतं. बोलता बोलता मी सांगून टाकलं की एका मोठ्या शहरातल्या दुकानात मशीन ठरवून आले आहे, तीन लाखांच्या आतबाहेर, शिवण आणि भरतकाम एकातच, रंगीत पडदा, शेकडो टाके. कर्ज मंजूर झालंय, सोमवारी पंचवीस हजार बयाणा भरायचाय. तुम्ही हातातला पेचकस खाली ठेवलात. म्हणालात, "बहीन, तुले करनं काय शे, ते आधी सांग."

त्या मोठ्या दुकानात मी दीड तास बसले होते. तिथे हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, गोधड्या आणि भरतकाम. जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या गोधड्या, आणि कोपऱ्यावर घरच्या माणसाचं नाव. तुम्ही म्हणालात, "मग सोमवारी बयाणा भरू नको. गोधडी घेऊन ये. कापडाचा तुकडा नको, आख्खी गोधडी."

एसटीत मांडीवर गोधडी घेऊन आले होते मी. सासूबाईंच्या दोन लुगड्यांची, पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब, आत एक जुनी चादर. तुमच्याकडे दुरुस्तीला आलेलं एक चांगलं कॉम्प्युटर मशीन होतं, त्यावर बसवलंत मला. "मधोमध एक टीप मार." मधोमध टीप मारायची म्हणजे अर्धी गोधडी गुंडाळून सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधल्या जागेत कोंबावी लागते. ती जागा तुम्ही टेपने मोजून दाखवलीत: साडेसहा इंच. माझी गुंडाळी त्यात गेली, पण मग हलेना. मी रेटायला लागले तशी सुई वाकली. पुढे लुगड्याच्या काठावर काठ आला, तिथे टाकाच पडेना. तुम्ही गोधडी उलटी केलीत आणि मागच्या बाजूने नख फिरवलंत. खालच्या थराला बारीक बारीक चुण्या पडल्या होत्या, डोळ्यांना दिसत नव्हत्या पण नखाला लागत होत्या.

"सुईखालचे दात खालचं कापड ओढतात, वरचं मागं राहतं," तुम्ही सांगितलंत, आणि ड्रॉवरमधून वॉकिंग फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा एक वेगळा पाय, काढून लावलात. त्या फुटालाही स्वतःचे दात असतात, ते वरचं कापडही बरोबर पुढे नेतात. सुई बदलून सोळा नंबरची घातलीत. त्याच मशीनवर, त्याच काठावरून टीप सरळ गेली. मला तेव्हा कळलं की तीन लाखांच्या मशीनबरोबर हा फूट येतो का, हेही मी विचारलं नव्हतं.

नंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते आहे. गोधडीत कापड माणूस फिरवतो, मशीनने फक्त जागा आणि जोर द्यायचा. भरतकामात उलटं, कापड फ्रेममध्ये ताणून बसवायचं आणि फ्रेम मशीन फिरवतं, माणसाने हात लावायचा नाही. दोन्ही कामं एकाच मशीनकडून करून घेता येतात, तशी मशिनं आहेत आणि उत्तम आहेत. पण वीस हजार टाक्यांचं एक डिझाइन मिनिटाला सहाशेच्या वेगाने काढायचं तर अर्धा तास जातो, शिवाय प्रत्येक रंगाला दोरा बदलायचा. तेवढा वेळ गोधडी बाजूला पडून राहणार. ज्या बाईला हौसेसाठी करायचं आहे, घरात जागा कमी आहे, तिने खुशाल एकच घ्यावं. माझ्याकडे ऑर्डरी आहेत आणि मागे एक रिकामी खोली आहे. मला दोन मशिनं हवीत, हे तुम्ही पाच मिनिटांत ओळखलंत.

तुम्ही कुठल्याच कंपनीला नावं ठेवली नाहीत. स्वित्झर्लंडच्या बर्निनाबद्दल तर किती आदराने बोललात! हाताने कापड फिरवताना टाका लहानमोठा होऊ नये म्हणून तिच्या फुटाला एक सेन्सर असतो, तो कापडाचा वेग बघत राहतो आणि तेवढीच सुई चालवतो. "बुढाबुढीनं शिकेल हात त्यात घालेल शे," म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा शिकलेला हात त्यात घातलाय, असं तुम्ही म्हणालात आणि मला माझी आजी आठवली. तिचा धावदोरा कधी लहानमोठा झाला नाही. पण लगेच तुम्ही हेही म्हणालात की तेवढे पैसे घालायची तुला गरज नाही, मशीन कापड ओढणार नाही असे दात खाली पाडून जुन्या चादरीवर रोज अर्धा तास गिरव. मी सहा आठवडे गिरवलं, नाना. आता माझी वेल सलग येते, आणि वळणावर टाका लांबत नाही.

माझ्या दिराने न्यू जर्सीहून मशीन आणायची तयारी दाखवली होती, तिकडे स्वस्त मिळतं म्हणून. मी फोटो दाखवला. तुम्ही तो मोबाइलवर मोठा करून मागच्या पट्टीवर बोट ठेवलंत: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ते आणून प्लग लावला असता तर बोर्ड जळला असता, वर वॉरंटी इथे चालली नसती. हे एक वाक्य माझे किती पैसे वाचवून गेलं, त्याचा हिशेब मी मांडलेला नाही, पण दिराने मांडला आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

गोधडीचं मशीन तुम्हीच शोधून दिलंत. बंद झालेल्या एका बुटिकमधलं, जुकी कंपनीचं टीएल जातीचं. फक्त सरळ टीप, दुसरा एकही टाका नाही. शेकडो टाक्यांच्या मागे धावणाऱ्या मला ते आधी पटलं नव्हतं. पण खांबापर्यंत साडेआठ इंच जागा, मिनिटाला दीड हजार टाक्यांपर्यंत वेग, आणि पेडलवरच दोरा कापायची सोय. घेण्याआधी तुम्ही त्याची मागची पट्टी वाचलीत, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढून बॅटरीने आत पाहिलंत, आणि माझीच गोधडी त्यावर शिवायला लावलीत. त्या दिवशी मी काठावर काठ असलेली तीच जागा पुन्हा शिवली. नख फिरवलं. काही लागलं नाही.

भरतकामासाठी उषा जानोमचं मेमरी क्राफ्ट नावाचं मशीन घेतलं, नवं, दुकानातून. त्याआधी मी चार इंची फ्रेमच्या मशीनवर भाळले होते, किंमत निम्म्याहून कमी. तुम्ही कागदावर मला "कौतिकाबाई" हे नाव लिहायला लावलंत, गोधडीवर शोभेल एवढ्या मोठ्या अक्षरात. मग चार इंचांची चौकट वर ठेवलीत. "कौति" आत, "काबाई" बाहेर. दोनदा फ्रेम बदलून नाव जोडायचं म्हणजे शिरोरेषा जोडायची, आणि शिरोरेषा एका दोऱ्याने चुकली तरी मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून २०० बाय २८० मिलिमीटरची फ्रेम. मला दाखवलेल्या एकाही मशीनमध्ये देवनागरी अक्षरं आयती नव्हती, सगळी इंग्रजी. तेव्हा पेनड्राइव्हवरून आपलं डिझाइन घालता येतं का, आणि मशीन कुठली फाइल वाचतं, हे आधी बघायला तुम्ही सांगितलंत. जानोमला जेईएफ फाइल लागते, ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस. आता जळगावचा एक मुलगा मला नावं करून देतो. शिरोरेषा आधी एका दमात, मग खाली अक्षरं, असा क्रम आम्ही पाच नावं वाया घालवून बसवला.

जुन्या लुगड्याचा धडाही तुमचाच. पन्नास वर्षं धुतलेलं सूत मऊ असतं, त्यावर दाट भरलं की कापड सुईनेच फाटतं. पहिल्याच नावाचा "क" तसाच सुटून हातात आला होता, आणि ते लुगडं ज्या घरचं होतं त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. मी रडत फोन केला. तुम्ही म्हणालात, मागे न फाटणारा जाड पेपर लाव, टाके विरळ कर, सुई अकरा नंबरची घाल, वर चाळीस नंबरचा दोरा आणि बॉबिनमध्ये साठचा, आणि नाव नेहमी आधी सुट्या कापडावर भर, गोधडी नंतर. फाटलेल्या जागेवर त्याच लुगड्याच्या काठाचं ठिगळ बसवून त्यावर नाव काढायची कल्पना तुमचीच. त्या घरच्या आजींनी ते ठिगळ हातात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हाऊ काठ मना लगीनना शे."

आपल्याकडची वीज आणि आपल्याकडचा कापूस, या दोन्हींबद्दल कुठल्याच दुकानदाराने मला सावध केलं नव्हतं. भरत असताना लाइट गेली तर मशीनला टाका कुठे थांबला ते आठवतं का, हे घ्यायच्या आधी दुकानात प्लग काढून बघायला तुम्ही लावलंत. दुकानदार नाराज झाला, पण मशीनला आठवलं. आता खाली, लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारा, प्युअर साइन वेव्हचा यूपीएस आहे. जुन्या सुताची पूड बॉबिनखाली नमद्यासारखी बसते. प्रत्येक गोधडीनंतर मी केस उघडून ब्रशने झाडते, तोंडाने फुंकत नाही, कारण फुंकरीतल्या वाफेने आत गंज धरतो. जुकीला तेल, जानोमला पुस्तकात सांगितलंय तेवढंच. तुमच्या हातची ती चिठ्ठी भिंतीवर चिकटवलेली आहे.

आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. सगळं ठरल्यावर तुम्ही म्हणालात, "ताई, यातला बोर्ड गेला तर माझ्या हातात काही नाही. कंपनीचा माणूस कुठून येतो, किती दिवसांत येतो, ते दुकानदाराकडून लिहून घे." चाळीस वर्षं मशिनं उघडणाऱ्या माणसाने आपल्याला काय येत नाही ते असं समोर सांगितलं, त्यामुळे तुमच्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर माझा भरवसा बसला. मी लिहून घेतलं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशातल्या कानबाई देवी बसल्या. सुरतेपासून, नाशिकपासून भाऊबंद आले होते. कौतिकाबाईंची गोधडी त्याच दिवशी दिली. नव्वदीच्या आहेत, दिसत नाही फारसं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, शिरोरेषेवरून सरळ, आणि मग प्रत्येक अक्षर खाली उतरून वाचलं.

मी पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे. जुकीचा आवाज दोन दिवसांपासून जरा बदललाय, बहुतेक बॉबिन केस घासली आहे, ती घेऊन येते. भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणीन, तेव्हा दुपारचा डबा घरून आणू नका. आईचं पायमशीन अजून विकलं नसेल तर राहू द्या, ते मी परत घेऊन जाईन.

तुमची,
अमळनेरची गोधडीवाली ताई