आप्पा तीन दिवस गप्प का बसले?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पेपरात रोज ऑनलाईन फसवणुकीची एक तरी बातमी असते आणि ती वाचली की घरोघरी एकच बोलणं, म्हाताऱ्या माणसांच्या हातात स्मार्टफोन देऊच नये. आमच्या घरीही झालं. पण मला वेगळंच सांगायचंय.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वाळवा तालुक्यात शेती करतात. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत्यांच्या नंबरवरून पीएम किसान नावाची एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली. चुलत्यांनी ती पाठवलीच नव्हती, त्यांचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला. आप्पांना वाटलं दोन हजाराचा हप्ता अडकलाय, घरच्याच माणसाकडनं आलंय म्हणजे खरं असणार, म्हणून इन्स्टॉल केलं आणि विचारेल त्याला ओके ओके करत गेले. असलं ॲप आत शिरलं की मेसेज तेच वाचतं, ओटीपी कुणाला सांगायचीसुद्धा गरज राहत नाही. हळद विकून आलेल्या पट्टीतले ४२ हजार खात्यातून गेले.

आणि तीन दिवस ते कुणाला बोललेच नाहीत. जेवण तुटलं तेव्हा आईनं खोदून खोदून विचारलं.

मी विचारलं त्याच दिवशी का नाही सांगितलं, तर म्हणाले, "तू परत ओरडली असतीस." खरंय ते. दिवाळीच्या आधी कसल्यातरी लिंकवर त्यांचं बोट लागलं होतं, तेव्हा मी पाहुण्यांसमोर म्हणाले होते की कळत नाही तर हात कशाला लावता. तेव्हा एक रुपया गेला नव्हता, पण ते बोलणं त्यांच्या मनात राहिलं.

१९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला की ते लगेच बँकेला कळवतात आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथंच अडवायचा प्रयत्न होतो, पण चोर ते तासाभरात दुसऱ्या तिसऱ्या खात्यात फिरवतो, मग एटीएममधून काढतो, त्यामुळे पहिले काही तासच खरे. आमचे तीन दिवस गेले. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही असा आहे की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे दोन्हीकडे मोल लवकर सांगण्याला आहे, आणि आपण घरातल्या माणसाला नेमकं सांगायचीच भीती घालून ठेवतो.

आता भाऊ म्हणतोय बटनाचा फोन देऊया. मला ते पटत नाही. आप्पा सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा दर फोनवर बघतात, सातबारा काढायला आता तलाठ्याकडे हेलपाटे नाहीत, पुण्यातल्या नातीशी रोज बोलतात. पावसाळ्यात कोयना धरणातनं किती पाणी सोडलं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती, ४० फुटाला इशारा ४५ ला धोका, हे २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे जीवन-मरणाचं आहे, जनावरं कधी हलवायची ते त्यावर ठरतं. हे सगळं काढून घ्यायचं का त्यांच्याकडनं?

मी आप्पांजवळ बसून दोनच गोष्टी पक्क्या केल्या. फाईलच्या नावात एपीके दिसलं तर भाऊबंदाकडनं आलेली असली तरी उघडायची नाही. आणि काही झालंच तर आधी १९३० आणि बँक, मग मी, आणि मी ओरडणार नाही. हे दुसरं म्हणताना मलाच रडू आलं.

बँकांच्या शाखेत हा नंबर मोठ्या अक्षरात मराठीत काऊंटरवरच लावावा, आमच्या गावच्या शाखेत मला तो कुठंच दिसला नाही. आणि आपल्याला विनंती, पेपरात नदीच्या पाणीपातळीची आणि बाजारभावाची चौकट असते ती आप्पांसारखी माणसं न चुकता वाचतात, तिच्याच शेजारी रोज १९३० छापाल का?

एक वाचक,
विश्रामबाग, सांगली