परदेशातले सत्र एका सहीसाठी जाऊ नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पदवीचे निकाल लागले की परदेशी शिक्षणाच्या जाहिराती सुरू होतात. बहुतेक सगळ्या पूर्ण पदवीच्या, म्हणजे घरावर कर्ज काढायला लावणाऱ्या. एक सत्र परदेशात शिकायचे, परत यायचे आणि पदवी आपल्याच विद्यापीठाची घ्यायची, ही विद्यार्थी-विनिमयाची वाट मात्र कोकणातल्या एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना सहसा कोणी दाखवत नाही. दोन विद्यापीठांमध्ये विनिमयाचा करार असला की साधारणपणे फी इथलीच भरायची असते. नॉर्वेने 2023 पासून युरोपबाहेरून पदवीसाठी येणाऱ्यांना फी लावली, विनिमयातून येणाऱ्यांना नाही. युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’मधून निवड झाली तर मासिक भत्ता आणि प्रवासखर्चाला मदतही मिळते. हर्णैला किंवा मिरकरवाड्यात होडीवर ज्यांचे घर चालते, त्यांच्या मुलांना परदेशात शिकायची खरी संधी एवढीच आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात पदव्युत्तर वर्गाला प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, शेतीवर काम करायचे आहे. आपल्या खाड्यांतून बायका ओहोटीला कालवे फोडून आणतात. या कालवांची शेती शास्त्रशुद्ध कशी करायची, हे शिकायला तिला उत्तर युरोपात जागा मिळत होती. मार्क होते, इंग्रजीची परीक्षा झाली होती, पासपोर्ट हातात होता. अडले ते ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाच्या फॉर्मवर. त्यात एका तक्त्यात तिकडे काय शिकणार ते लिहायचे, दुसऱ्यात त्याबदल्यात इथले कोणते पेपर झाले असे धरणार ते. खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, तिकडच्या विद्यापीठाची, आपल्या विद्यापीठाची. तिची सही झाली, तिकडची ईमेलने आली. आपला रकाना कोराच राहिला. महाविद्यालय म्हणाले, अधिकार विद्यापीठाचा. विद्यापीठात कोणी म्हणाले, आधी महाविद्यालयाने लिहून द्यावे. कोणी म्हणाले, अभ्यासमंडळापुढे ठेवावे लागेल. या टोलवाटोलवीत मुदत संपली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सही कोणी करायची हेच कुठे ठरलेले नव्हते.

खरा घोळ क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायच्या एककाचा. युरोपात एका सत्राची 30 क्रेडिट असतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीची 88, म्हणजे सत्राला 22. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे अभ्यास पूर्ण सत्राचाच. तरी पेपरला पेपर जुळवायचा हट्ट धरला जातो. आमचा अमुक पेपर तिकडे कुठे आहे, असे विचारतात. तोच पेपर शिकायचा तर मुलीने एवढ्या लांब जायचे कशाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमावलीने ट्विनिंग अभ्यासक्रमांत, म्हणजे काही भाग परदेशी संस्थेत शिकून पदवी इथलीच घ्यायच्या अभ्यासक्रमांत, 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेत मिळवायला मुभा दिली आहे. विनिमयाचे एक सत्र म्हणजे एकूण क्रेडिटच्या 25 टक्के. मग इथे हात आखडता का?

वेळापत्रकाचाही विचार हवा. जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होऊन आपली दोन्ही सत्रे कापते. तिकडे गेलेल्या मुलाचे इथे वर्ष अडकायची भीती. नॉर्वे-स्वीडनचे जानेवारी ते जूनचे सत्र मात्र आपल्या चौथ्या सत्राशी बरेचसे जुळते. मत्स्यव्यवसाय आणि सागरी विज्ञानाच्या आपल्या मुलांना शिकण्यासारखेही तिथे भरपूर आहे. करार करताना आधी या देशांकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांना एक सांगायचे आहे. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी छापतात, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी व्हिसाच्या वेळी खुलासे देत बसावे लागते. हे पहिल्या सत्रातच तपासून घ्यावे.

विद्यापीठांकडे माझी मागणी मोठी नाही. संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या या फॉर्मवर सही कोण करणार, ते नावानिशी जाहीर करावे. कोकणातल्या मुलाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागू नये. कागद ऑनलाइन घ्यावेत आणि उत्तराची मुदत ठरवावी. तिकडची क्रेडिट इथे धरली जातील, हे जाण्यापूर्वीच लेखी द्यावे. परत आल्यावर ‘बघू’ म्हणणे म्हणजे मुलाचे सत्र पणाला लावणे आहे.

जानेवारीच्या सत्रासाठी विद्यार्थ्यांची नावे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कळवावी लागतात. गणपतीत कोकणातली कार्यालये ओस पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा यंदा हा निर्णय गणपतीच्या आधी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, जि. रत्नागिरी