आमच्या मारुती ८०० ला इंजिन बसवून देणाऱ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना

नमस्कार मिस्त्री,

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे लिहून काढतोय. तुम्हाला मोबाइलवर एवढं मोठं वाचायचा कंटाळा येणार हे माहितीये, मुलीला वाचून दाखवायला सांगा. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण अजून कितीतरी जणांच्या दारात जुनी ८०० उभी असेल आणि त्यांना पण कोणीतरी "भंगारात घाला" असंच सांगत असेल.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, एमएच-०९ पासिंग, बाबांनी नवी घेतलेली. बॉडीला कुठं गंज नाही, पत्रा जुना पण खणखणीत, फक्त इंजिन ऑइल प्यायला लागलेलं. आईला सावंतवाडीला माहेरी सोडून परत येताना आंबोली घाटात दुसरा गिअर सोडायला तयार नाही आणि मागच्या गाडीवाल्याला काही दिसत नाही एवढा निळा धूर. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडलं, रेस दिली, बॉनेट बंद केलं आणि साठ हजार सांगितले, नाहीतर म्हणे द्या टाकून. काय खराब झालंय असं विचारलं तर "इंजिन". एवढंच.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारत बसलात, सकाळी स्टार्ट केल्यावर धूर येतो का, उतार संपून परत रेस दिली की येतो का चढाला लोडवर येतो. मला वाटलं टाइमपास चाललाय. नंतर तुम्ही सांगितलं की सकाळी पहिल्यांदा किंवा उताराखाली आल्यावर भपकन धूर सोडून मग बंद होत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते काम छोटं आहे, आणि चढाला सारखा येत असेल तर रिंगा-बोअर (पिस्टनच्या कड्या आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) बघायला लागतील. चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण उघडून दाखवलं, आतून फस्स फस्स हवा येत होती. मग तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं, मीटर लावलं, आठ, सात आणि मधल्याला पाच. मग प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मीटर लावलं आणि काटा चढला की ओ! तेव्हा म्हणालात, ऑइलनं फट बुजली म्हणून प्रेशर वाढलं, म्हणजे गळती रिंगांजवळनं आहे, व्हॉल्व्ह गेले असते तर ऑइल ओतून फरक पडला नसता. एवढी साधी टेस्ट, आणि साठ हजार सांगणाऱ्याला ती करावीशी वाटली नाही.

हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवल्यावर मला बोलवून घेतलंत त्याबद्दल स्पेशल थँक्यू. बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवायला लावलंत, तिथं कड लागत होती. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत भिंत झिजलेली आणि त्याच्या वरची तशीच राहिलेली, म्हणून ती कड. पिस्टनच्या डोक्यावर ५० छापलेलं दाखवलंत, म्हणजे हे इंजिन आधीच एकदा बोअर झालेलं, कंपनीचा ६८.५ मिलीमीटरचा बोअर अर्धा मिलीमीटर वाढवून ६९ केलेला, बाबांच्या काळात कधीतरी. आणि आता तो पण झिजून गेलेला. त्यापुढचा पिस्टन शोधत फिरायचं नाहीतर लायनर (बोअरच्या आत बसवायची नळी) ठोकून परत पहिल्या साइजवर यायचं. क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) पण चरे पडलेले, आयडलिंगला ऑइलचा दिवा मिणमिण करायचा तो त्यामुळंच. तुमचं बोरिंगचं मशीन चार पावलांवर, लेथवाला शेजारी, तुम्ही सरळ "काम करून घ्या" म्हणून बिल लावू शकत होता, मी हो म्हणालो असतो कारण मला काय कळतंय. पण तुम्ही कागदावर लायनर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग, हेडचं फेसिंग असं सगळं मांडून म्हणालात, "एवढ्यात दुसरं इंजिन बसून खाली पैसं उरत्यात. ह्यात पैसं घालू नगासा." स्वतःच्या हातातलं काम स्वतःच्या तोंडानं नको म्हणणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

दुसरं इंजिन म्हटल्यावर मी लगेच हुशारी चालवली, २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) ८०० चं घालूया का, पाच गिअर पण मिळतील. तुम्ही हसला नाहीत हे तुमचं मोठेपण. ते घालायचं म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळं वायरिंग, सेन्सर, टाकीतला पेट्रोल पंप, सगळंच बदलायचं आणि मग बारीक काही बिघडलं की शोधत बसायचं. मग माझा दुसरा प्रश्न ओम्नीचं, ते पण ७९६ सीसीच की. तर ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली उभं बसतं आणि ८०० मध्ये आडवं, आतला माल बराचसा तोच असला तरी बाहेरची बांधणी वेगळी, उगाच जुगाड नको. कार्बोरेटरच्या ८०० ला कार्बोरेटरच्या ८०० चंच इंजिन, विषय संपला. आणि ते मिळतं पण, कारण ही गाडी १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती आणि पंचवीस लाखांच्या वर खपली, त्यामुळं तिचे पार्ट अजून तरी दुकानात मागितले की समोर येतात.

आता खरी गोष्ट. जुन्या मालाच्या पहिल्या दुकानात जे इंजिन दाखवलं ते मला एकदम भारी वाटलेलं, धुतलेलं, चकाचक, आणि नऊ हजारात. तुम्ही बॅटरी मारली, ब्लॉकवरच्या नंबरवर अंगठा फिरवला आणि काही न बोलता दुकानाबाहेर. बाहेर आल्यावर सांगितलंत, नंबरवर ग्राइंडर फिरलाय. स्वस्त पडलं असतं पण आरटीओत गाडी उभी राहिली असती आणि उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर चौकीत मी उभा राहिलो असतो. मला राग आलेला खरं सांगतो, कारण डोळ्यासमोर पैसे वाचताना दिसत होते.

नंतर जे मिळालं ते मागून ठोकलेल्या गाडीचं, पंधरा हजाराला. तुम्ही खालचं ऑइलचं चेंबर खाली घेऊन तळाचा गाळ बोटावर चोळून बघितला, धातूचा चुरा नाही. क्रँक हातानं फिरवून बघितला. झाकणाखाली पांढरी साय नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही. हेड काढल्यावर पिस्टनवर काही छाप नाही, म्हणजे हे कधी बोअरला गेलेलंच नाही, आणि गेज लावून माप घेतलं तर झीज लिमिटमध्ये. बोअरवर नुसता होनिंगचा (हलकं घासायचा) हात, नवीन रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सील, गॅसकेट किट, बास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराकडून इंजिन नंबर टाकलेलं पक्कं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेतल्याशिवाय तुम्ही पैसे द्यायला दिले नाहीत. तो म्हणत होता, "मिस्त्री, आपली एवढी वर्षांची ओळख," आणि तुम्ही म्हणालात, "ओळख हाय म्हणून तर मागतोय."

इंजिन चढवायच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकली. बॉनेट काढलेलं, रेडिएटर काढलेला, एक्सल ओढून ठेवलेले, गिअरबॉक्स खाली, आणि तुमच्या दोन पोरांनी बांबूला दोर बांधून जुनं इंजिन असं उचललं जसं लग्नातलं डेचकं. मी म्हटलं साखळी नाही का लावायची, तर पोरगा म्हणतो ह्याला कशाला साखळी. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, क्रँकचं मागचं सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि माउंटिंगची रबरं बदलून घ्या असं तुम्ही सांगितलं, कारण नंतर यातलं एक जरी गेलं तरी परत बरंच सगळं खोलायला लागतं आणि मजुरी दुप्पट. पण स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर जुनेच ठेवले, "चालतंय त्याला हात कशाला". रेडिएटर बाहेर धुवून आणायला लावला, नवीन घेऊ दिला नाहीत. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फीलर गेजनं स्वतः सेट केले, ते काम पोरांना देत नाही वाटतं तुम्ही.

पहिल्या स्टार्टला आधी प्लग काढून नुसता सेल्फ मारला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून परत किल्ली फिरवली आणि लागली. तीन सिलिंडरचा तो बारीक थरथरणारा आवाज, मी फोटो काढायचं पण विसरलो. तुम्ही मात्र सायलेन्सरजवळ रुमाल धरून ऑइलचे ठिपके येतात का ते बघत होता.

सगळं धरून बत्तीस हजार झाले. साठवाल्याला मी काही बोलणार नाही.

आरटीओचं पण सांगतो, कारण तुम्ही रोज फोन करून त्याच्याच मागं लागला होता. इंजिन बदललं की चौदा दिवसांत कळवायला लागतं आणि आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायला लागतो. एजंट म्हणत होता, कोण बघतंय, जाऊ दे. पण २०२७ ला गाडीचं रजिस्ट्रेशन परत रिन्यू करायचंय, वीस वर्षांवरच्या मोटारीला आता त्याची फी दहा हजार झालीये, आणि तेव्हा इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडलं आणि नंबर जुळला नाही तर सगळंच वाया. तुमचं ते बिल आणि झेरॉक्स दाखवली, साहेबांनी नंबर बघितला, काम झालं. आरसीचा फोटो पाठवलाय, बघितला नसणारच तुम्ही.

पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदललं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे साठच्या वर पळवली नाही आणि एकाच स्पीडला पण ठेवली नाही. परवा आईला घेऊन परत सावंतवाडीला गेलो. येताना आंबोलीला तिसऱ्या गिअरवर बराच वेळ चढली, वरच्या वळणांना दुसरा टाकला, धूर काही नाही. आई म्हणाली, "मिस्त्रींना काजू पाठव." काजू आणलेत.

तर मी शनिवारी येतोय. चोकची वायर मध्येच अडकते आणि हीटरच्या पाइपला बारीक ओल दिसते, ते बघायला लागेल. मागच्या वेळी किरकोळ काम म्हणून पैसे घेतले नव्हते, यावेळी घ्यायला लागतील, नाहीतर काजू परत नेईन.

तुमचा,
निळी ८०० वाला