खुलं पत्र : साहेब, ग्रीक शिकून मी तिकडं दुकान टाकणार नाहीये

मा. मंत्री महोदय,
सा. न.

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला होता, त्यावर परवा तुमच्या खात्याचा मेल आला, एका ओळीचा. "सदर विषय योजनेत बसत नाही." विषय म्हणजे लंडनला ग्रीक-लॅटिन साहित्यात एमए. मागच्या वर्षी तुम्हीच आमच्याकडं माईकवर म्हणाला होतात की पैशापायी मराठवाड्यातल्या एकाही पोराचं परदेशी शिक्षण अडणार नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो, टाळ्या पण वाजवल्या, चूक माझीच.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचा. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्री व्यापाराचं पुस्तक लिहिलं, त्यात आहे की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून रस्ताच नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जातं. (रस्त्याबद्दल आज काही बोलत नाही.) आमच्याकडं सापडलेली बाईची हस्तिदंती मूर्ती आणि पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात सापडलेली, दोघी बहिणी वाटतात. माझ्या गावाबद्दल ग्रीकमध्ये लिहिलंय आणि ते मी इंग्रजी भाषांतरात वाचून गप बसायचं?

ऑनलाइन फॉर्मात विषयांच्या यादीत हा विषयच नव्हता, 'इतर' टाकलं. पुण्याला सहा चकरा झाल्या, एसटीनं, तासिका तत्त्वावरची नोकरी सांभाळून, प्रत्येक चकरेला पगार कापून. टेबलावरचे साहेब म्हणाले, "ग्रीक शिकून तिकडं दुकान टाकणार का?" सगळं ऑफिस हसलं. मी पण हसलो, काय करणार. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर लॅटिनची रूपं घोकली, मामाकडून उसने घेऊन अॅडमिशनचं डिपॉझिट भरलं, ते आता बुडाल्यात जमा. मामा काही बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

आणि गंमत बघा. 2022 ला केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषय काढले, म्हणे ते इथंच शिका. बरं, मी परक्यांचं शिकतो म्हणालो तर त्याचा इथं उपयोग काय! मग आम्ही शिकायचं तरी काय, नुसतं एमबीए? कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, आमच्यासारखे तासावर राबतात, आणि 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले, सातवाहन-सातवाहन करत भाषणं ठोकली. त्याच सातवाहनांशी व्यापार करणाऱ्यांची भाषा शिकतो म्हटलं की योजनेत बसत नाही.

पहिल्या शतकातल्या रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकानं रडून ठेवलंय की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) हिंदुस्थानात जातात. आजच्या हिशेबात हजारो कोटी होत असतील. त्यात तगरच्या कापडाचा वाटा असणारच, त्यातले तीस लाख तेरच्या पोराला द्या, एवढंच म्हणतोय.

डिपॉझिटची पावती आणि तुमचा एका ओळीचा मेल सोबत जोडलाय. टर्म सप्टेंबरला सुरू होतीये, सातवी चकर मारायची असेल तर कोणत्या टेबलावर जायचं तेवढं कळवा.

आपला,
तेरचा एक 'इतर'